दुखणे गळ्याशी आले तर…

वाचकहो, फराळाची ताटे समोर असताना सूज, पू आणि शस्त्रक्रिया यांच्या गोष्टी काढू नयेत, हे आम्हांला कळते. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम दिवाळीसाठीच राखून ठेवला आहे. दिवाळीत माणसे गावी जातात. दाढ ठणकत असली तरी ‘सण उरकू दे, मग बघू’ म्हणून दंतवैद्याची वारी पुढे ढकलतात. मधुमेही मंडळी चार दिवस पथ्याला रजा देतात. आणि नेहमीचा डॉक्टर स्वतःच आपल्या गावी गेलेला असतो. या चारही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी जमून आल्या, म्हणजे एका किडक्या दाढेचे दुखणे तीन-चार दिवसांत माणसाच्या जिवावर उठू शकते. मानेच्या आत खोलवर पसरणाऱ्या या जंतुसंसर्गाची ओळख घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला असली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. मुंबईचे एक जोडपे मुलांना लोणारचे सरोवर दाखवावे आणि दिवाळीही साजरी करावी, असा बेत करून थोरल्या भावाकडे बुलढाणा जिल्ह्यात आले आहे. दादांचे वय पंचावन्न. मधुमेह दहा वर्षांचा, तंबाखूची सवय त्याहून जुनी. वसुबारसेला त्यांची खालची मागची दाढ ठणकू लागली. धनत्रयोदशीला जबड्याखाली सूज आली. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, डॉक्टरांना दाखवून येऊ या का?”

“काही होत नाही रे. दाढ दुखून राह्यली दोन दिवस झाले. लवंग धरली हाये.”

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी वहिनींच्या लक्षात आले, की सूज आता हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरली आहे आणि हाताला लाकडासारखी घट्ट लागते. दुपारी त्या हळूच दिराला म्हणाल्या, “भाऊजी, सकाळपासून पाणी बी गिळून नाही राह्यले हे. अन् आवाज तर पाहा कसा येऊन राह्यला.”

वाचकहो, या क्षणी या घरात काय व्हायला हवे? फराळ बाजूला ठेवून गाडी काढायला हवी. का, ते आता पाहू.

मानेतल्या वाटा

आपली मान बाहेरून एकसंध दिसते. आतून ती पापुद्र्या-पापुद्र्यांची आहे. स्नायू, रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका या सर्वांना पातळ पण चिवट पडद्यांची वेष्टणे असतात आणि दोन वेष्टणांमध्ये पोकळ्या असतात. निरोगी माणसात त्या मिटलेल्या असतात. एकदा का त्यांत जंतू शिरले, की त्या वाटा बनतात. काही वाटा जिभेखाली जातात, काही घशाच्या मागे, आणि घशामागची एक तर जिन्यासारखी थेट छातीत, हृदयाच्या आसपास उतरते. म्हणून मानेतला पू मानेतच राहील अशी खात्री कोणालाही देता येत नाही.

यांतला सर्वांत नेहमीचा चोरदरवाजा म्हणजे दात. खालच्या जबड्यातील मागच्या दोन दाढांची मुळे फार खोल गेलेली असतात. तोंडाचा तळ ज्या स्नायूने बनला आहे त्याच्याही खाली त्यांची टोके पोहोचतात. तिथे पू झाला, की तो हिरडीतून बाहेर यायच्याऐवजी थेट मानेत उतरतो. दुसरे दरवाजेही आहेत: घशातल्या गाठींमागे होणारा पू, लाळग्रंथीत अडकलेला खडा, घशात रुतलेला माशाचा काटा किंवा हाडाचा तुकडा, आणि मधुमेही माणसाच्या मानेवर मागच्या बाजूस होणारी काळपुळी.

जर्मनीतील श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग यांनी १८३६ साली तोंडाच्या तळाशी होणाऱ्या अशा सुजेचे वर्णन केले. तेव्हापासून तिला ‘लुडविग अंजायना’ म्हणतात. हृदयविकारातला अंजायना तो हा नव्हे. लॅटिनमधल्या मूळ शब्दात गळा आवळला जाण्याचा भाव आहे, आणि येथे तो शब्दशः खरा ठरतो. सूज जिभेला वर आणि मागे ढकलते आणि श्वासाची वाट बुजत जाते. प्रतिजैविके हाती येण्यापूर्वी या रोगाने गाठलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत असत. आज वेळेवर रुग्णालयात पोहोचलेले बहुतेक रुग्ण वाचतात. मात्र ‘वेळेवर’ हा शब्द आम्ही दोनदा अधोरेखित करून वाचायला सांगू.

पू दिसत नाही, म्हणून नाही असे नाही

आपल्याकडे एक समज घरोघरी आहे: गळू पिकले, मऊ पडले, तोंड धरले, म्हणजेच पू झाला, तोवर शेकत बसावे. कातडीजवळच्या साध्या गळवाला हा हिशेब एखादे वेळी चालतो. मानेतल्या खोल पुवाला तो मुळीच लागू पडत नाही. गंमत अशी, की आपले प्राचीन शल्यशास्त्र हे जाणून होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘आमपक्वैषणीय’ नावाचा एक अध्यायच आहे. कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली सूज कशी ओळखावी, हा त्याचा विषय. त्यात स्पष्ट बजावले आहे, की पू खोल असला तर पिकल्याची सगळी लक्षणे वर दिसत नाहीत आणि वैद्यही चकतो. कच्ची सूज चिरणारा आणि पिकलेली तशीच ठेवणारा, दोघांनाही त्या ग्रंथाने सारखाच दोष दिला आहे.

लोणारकरांना हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. त्यांच्या गावची कथाच आहे, की लवणासुर जमिनीखालच्या विवरात दडून बसे आणि वरून काही कळत नसे; दैत्यसूदन विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या विवरावरचे झाकण उडवले, तेव्हा कुठे असुर हाती लागला. सरोवर उल्केच्या आघाताने झाले हे आता शास्त्राने ठरवले आहे. पण झाकणाखाली दडलेल्या शत्रूला झाकण काढल्यावाचून मारता येत नाही, हा कथेतला व्यवहार शस्त्रक्रियेला तंतोतंत लागू पडतो.

ओळखावे कसे?

घरच्या माणसाला डॉक्टरी यायला नको. पुढील खुणा पाहता आल्या तरी पुरे. ताप आणि दुखणारी, वाढत जाणारी मानेची सूज ही पहिली. तोंड नीट न उघडणे ही दुसरी: उभी धरलेली दोन बोटे वरच्या-खालच्या दातांमध्ये मावेनाशी झाली, तर समजावे की संसर्ग जबड्याच्या स्नायूंपर्यंत गेला. गुटखा-तंबाखू खाणाऱ्यांचे तोंड पुष्कळदा आधीच कमी उघडते. त्यांच्या बाबतीत ‘कालपेक्षा आज कमी’ हे पाहावे. तिसरी खूण गिळता न येणे आणि लाळ बाहेर गळणे. चौथी, तोंडात घास धरून बोलावे तसा आवाज. पाचवी, जीभ वर उचलली जाणे. आणि सर्वांत घाबरवणारी सहावी: उताणे झोपवत नाही, माणूस पुढे वाकून बसून राहतो, श्वासाला घरघर किंवा शीळ येते. ही सहावी दिसली, की काट्यावर मिनिटे मोजायची. झोपता येते का हे पाहण्यासाठी मात्र रुग्णाला मुद्दाम आडवे करू नये.

याच रोगाचा एक अधिक क्रूर प्रकार आहे. त्यात जंतू कातडीखालच्या पडद्यांतून वणव्यासारखे धावतात आणि मांस कुजवत जातात. सुरुवातीला कातडी थोडीशीच लाल दिसते, पण रुग्ण वेदनेने तळमळत असतो. सूज दिसते त्या मानाने दुखणे फारच अधिक, ही त्याची मुख्य खूण. मग काही तासांतच लाली पुढे सरकते, कातडी जांभळट-काळसर होते, पाण्याचे फोड येतात, बोटाने दाबले असता आत वायू असल्यासारखे करकरते. पुढे दुखणे एकाएकी थांबले, तर ‘बरे वाटते’ म्हणून हुरळून जाऊ नये. तेथील मज्जातंतूच मेलेले असतात. मानेच्या दुखण्यात छातीत दुखू लागले, तर पू छातीत उतरत असल्याची शंका घ्यावी.

लहान मुलांत चित्र निराळे असते. दोन-तीन वर्षांचे पोर तापाने फणफणले आहे, मान एका बाजूला धरून बसले आहे, वळवायला तयार नाही, दूध नको म्हणते, लाळ गळते आहे, तर घशाच्या मागे पू असू शकतो. त्याच्या घशात चमचा घालून पाहण्याचा खटाटोप घरी करू नये. तेवढ्यानेही श्वास अडू शकतो.

मानेची प्रत्येक सूज काही हा रोग नव्हे. गालगुंडात सूज कानाच्या पुढे-खाली येते. गंडमाळेच्या गाठी आठवडे-महिने हळूहळू वाढतात व बहुधा फार दुखत नाहीत. ती क्षयाची बाब, तिची तपासणी शांतपणे पण जरूर करावी. घटसर्पातही मान बैलासारखी सुजते आणि तोही तातडीचाच रोग आहे. मुलांच्या लसी वेळेवर टोचल्या असतील तर त्याची भीती फार कमी.

घरी काय करू नये

शेक, लेप, चोळणे, दाबणे, बिब्बा घालणे, डाग देणे, यांपैकी काहीही करू नये. बिब्ब्याने कातडी जळते आणि खरी लक्षणे झाकली जातात. लोणारच्या सरोवराचे पाणी गुणकारी म्हणून कोणी गुळण्यांना सुचवले, तर हात जोडावेत. ते पाणी अतिशय क्षारयुक्त आहे. औषधांच्या दुकानातून ‘मागच्या वेळच्याच’ गोळ्या आणून दोन दिवस वाट पाहू नये. वेदनाशामक गोळीने ठणका कमी होतो, पू कमी होत नाही.

काय करावे

श्वासाचा त्रास, लाळ गळणे किंवा पसरती काळसर सूज असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला बसतेच ठेवावे. ज्या स्थितीत त्याला श्वास सोपा जातो, ती स्थिती त्याची. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्याने काही खाऊ-पिऊ घालू नये. मधुमेह्याची साखर उतरल्याचे दिसले, तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना तत्काळ सांगावे. सुजेच्या कडेने पेनाने रेघ ओढून वेळ लिहावी. पुढच्या डॉक्टरला रोगाचा वेग त्यावरून कळतो. पण रेघ ओढून पाहत बसू नये, ओढून निघावे. चालू औषधांची यादी, मधुमेहाचे कागद आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे बरोबर घ्यावे.

लोणारात ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे पहिली शिरेतली औषधे, प्राणवायू आणि पुढे पाठवण्याची व्यवस्था यांसाठी थांबणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे. विशेषतः श्वास घरघरत असताना जवळचे रुग्णालय ओलांडून खाजगी गाडीने लांबचा पल्ला गाठू नये. मेहकर तेथून पंचवीसेक किलोमीटर, जालना ८०-९०, आणि छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या आसपास. संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, १९५६ सालचे. अलीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाणा, जालना आणि वाशिम येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. कुठेही जायचे, तरी निघण्यापूर्वी फोन करून तीन प्रश्न विचारावेत: कान-नाक-घशाचे किंवा जबड्याचे शल्यविशारद आत्ता आहेत का? भूलतज्ज्ञ आहेत का? अतिदक्षता विभागात जागा आहे का? सणाच्या दिवशी हे तीन प्रश्न दोन तास वाचवतात. रुग्णालय शासनाच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर तेथील ‘आरोग्यमित्रा’ची भेट घ्यावी. खर्चाच्या चिंतेने उंबऱ्याशी अडून राहू नये.

रुग्णालयात काय घडते

पहिला मान श्वासाचा. सूज पाहण्याआधी, छायाचित्रे काढण्याआधी श्वासाची वाट सुरक्षित केली जाते. कधी नाकावाटे दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालतात. ते जमत नसेल, तर मानेच्या पुढच्या बाजूस छोटे छिद्र करून श्वासनलिकेत नळी बसवतात. यालाच ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात.

येथे घरोघरी रडारड होते. “गळ्याला भोक पाडू देणार नाही,” असे म्हणून नातेवाईक सही अडवतात. त्यांच्यासाठी एक जुनी हकिगत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ सालच्या डिसेंबरात घशाच्या सुजेने दीड-दोन दिवसांतच वारले. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांनी शिरा उघडून पुष्कळ रक्त काढले. तिघांतला तरुण डॉक्टर एलिशा डिक श्वासनलिकेला छिद्र करू या म्हणत होता. वडीलधाऱ्यांनी ते मानले नाही. त्याने ते वाचलेच असते असे आज कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बंद होत चाललेल्या गळ्याला दुसरी वाट करून देणे, हा त्या तरुणाचा विचार आजच्या वैद्यकाने शिरोधार्य मानला आहे. ही नळी बहुतेकांच्या बाबतीत तात्पुरती असते. ती आहे तोवर बोलता येत नाही, पाटी-पेन्सिल जवळ ठेवावी. ती काढल्यावर जखम भरते आणि आवाज परत येतो.

त्याबरोबरच शिरेतून प्रतिजैविके सुरू होतात. तोंडातले जंतू अनेक जातींचे असतात, म्हणून औषधेही एकाहून अधिक लागतात. पेनिसिलिनचे घराणे त्यांत अजून मानाने नांदते आहे. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे ज्या पोलीस शिपायावर पेनिसिलिनचा पहिला मोठा प्रयोग झाला, त्याच्या चेहऱ्यावरचा संसर्ग डोळ्यांपर्यंत गेला होता. औषधाने तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून वापरले, तेही पुरले नाही आणि तो दगावला. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत, १९५५ साली, आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. जे औषध एका माणसापुरते पुरले नव्हते, ते आज तालुक्याच्या गावी मिळते. ते अर्धवट घेऊन, वाटेल तेव्हा घेऊन बोथट करू नये, एवढे ऋण तरी आपण मानावे.

पण पुवाचा कोंडा झाला असेल, तर नुसत्या औषधाने भागत नाही. सीटी स्कॅन करून पू कुठवर गेला ते पाहतात, मान उघडून तो वाहता करतात आणि मूळ दाढ काढतात. मांस कुजवणाऱ्या प्रकारात मेलेला भाग कापून काढावा लागतो, आणि तेही एकदा नव्हे; बहुधा चोवीस तासांच्या आत पुन्हा पाहून, पुन्हा साफ करावे लागते. डॉक्टर ‘आणखी एकदा ऑपरेशन’ म्हणाले, म्हणजे पहिले चुकले असा अर्थ घेऊ नये. या सर्व काळात मधुमेह इन्सुलिनने काबूत ठेवतात, कारण वाढलेली साखर शरीराची लढाऊ शक्तीच पांगळी करते.

आणि मुळावर घाव

आमच्या कल्पनेतले दादा त्या दुपारीच रुग्णवाहिकेत बसले असे आपण धरू. रात्री त्यांच्या मानेतला पू निघाला, दाढ गेली, आणि भाऊबिजेला ते खुणेने का होईना, बहिणीशी बोलले. हाच निर्णय ‘लक्ष्मीपूजन आटोपून जाऊ’ म्हणून एक दिवस लांबला असता, तर गोष्ट निराळी झाली असती. रोग तोच, औषध तेच. फरक एका रात्रीचा.

आणि त्याही आधी दोन महिन्यांपूर्वी कोणी त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसवले असते, तर यांतले काहीच लागले नसते. म्हणून आकाशकंदील उतरवताच चार कामे करावीत. घरातल्या प्रत्येकाचे दात तपासून घ्यावेत. मधुमेह्यांनी सणानंतरची साखर पाहावी. तंबाखूची डबी नरकासुराबरोबरच निकालात काढावी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ती आपल्या उंबऱ्याच्या आतही पाळावी. आणि मुलांच्या लसींचे कार्ड काढून एकदा डोळ्यांखालून घालावे.

वडीलधारी माणसे ‘काही होत नाही’ म्हणतात ते पुष्कळदा आपला सण मोडू नये म्हणून. त्यांच्या त्या प्रेमाचा मान राखावा आणि त्यांना गाडीत बसवावे. फराळ डब्यात राहतो, तो भाऊबिजेनंतरही खाता येतो.

सर्व वाचकांना ही दिवाळी निरामय आरोग्याची जावो!